हातानं काढलेला अ‍ॅनिमेशनपट कसा बघायचा? नवख्यांसाठी पायरीपायरीनं

'माय नेबर टोटोरो' हा जपानी अ‍ॅनिमेशनपट बघून झाल्यावर लोक दोन प्रकारचं बोलतात. 'छान आहे, पण पोरांसाठी आहे' हा एक प्रकार. 'एकेक फ्रेम म्हणजे पेंटिंग आहे हो!' हा दुसरा. दोघांनी गोष्ट बघितलेली असते, काम बघायचं राहून गेलेलं असतं.

मी चित्रकार नाही. बघत बघत, थांबवत थांबवत आणि जाणकारांचं डोकं खाऊन जे हाती लागलं ते इथे क्रमानं लिहितोय. नव्या माणसाची अडचण अशी होते की याबद्दलचं बहुतेक लिखाण एकतर अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्यांसाठी असतं, नाहीतर कट्टर चाहत्यांसाठी. नुसतं नीट बघायचंय, त्यानं कुठे जायचं?

आधी एक हिशेब. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम जातात. दीड तासाचा चित्रपट म्हणजे १,२९,६०० फ्रेम. प्रत्येक फ्रेमला, प्रत्येक पात्राचं नवं चित्र काढायचं म्हटलं तर कुठलाही स्टुडिओ बुडेल. म्हणून कुठे चित्रं ओतायची आणि कुठे हात आखडायचा, हे दिग्दर्शकाला सतत ठरवावं लागतं. तो निर्णय दिसायला लागला की अर्धं काम झालं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

काय काय लागेल

- लॅपटॉप आणि त्यावर व्हीएलसी प्लेअर. फोनचा पडदा लहान पडतो, रेघ दिसत नाही.
- टीव्हीवर बघणार असाल तर त्याचा रिमोट आणि सेटिंगमध्ये शिरायची तयारी.
- स्टिकी नोट्सचा एक गठ्ठा आणि पेन्सिल. का, ते सातव्या पायरीत.
- एक चित्रपट दोनदा बघायची तयारी. दुसऱ्यांदा पूर्ण नाही बघितला तरी चालेल.

चित्रकला येण्याची गरज नाही.

१. टीव्ही आधी ठीक करा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण टाळलीत तर पुढचं सगळं फुकट. आजकालच्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते आणि अनेकदा ती आधीपासूनच सुरू असते. एलजीवर तिला 'ट्रूमोशन' म्हणतात, सोनीवर 'मोशनफ्लो', सॅमसंगवर 'पिक्चर क्लॅरिटी' किंवा 'ऑटो मोशन प्लस'. दोन फ्रेमच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या मनानं तिसरी बनवून घुसवतो. क्रिकेटला ते ठीक आहे. इथे मात्र अ‍ॅनिमेटरनं मुद्दाम गाळलेलं चित्र टीव्ही भरून काढतो, आणि पात्रं पाण्यात तरंगल्यासारखी हलायला लागतात. ही सोय बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर सरळ तो लावा.

यूट्यूबवर '६० एफपीएस' (म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम) म्हणून मिरवणारे जुन्या चित्रपटांचे तुकडे दिसतात, तेही याच रोगाचे. त्यांना हात लावू नका.

दुसरा सापळा 'रिस्टोर' केलेल्या प्रतींचा. जुन्या फिल्मवरचे बारीक दाणे आणि धूळ काढण्याच्या नादात संगणकाकडून कधी कधी पात्रांच्या बारीक रेघाही पुसल्या जातात. प्रत चकचकीत दिसते, पण कडा मेणासारख्या झालेल्या असतात. जुन्या प्रतीत थोडे दाणे दिसले तर ते असू द्यावेत.

२. पहिल्यांदा निमूटपणे बघा

पॉज नाही, वही नाही. गोष्ट आधी गोष्ट म्हणून बघून घ्या, नाहीतर दुसऱ्या वेळी लक्ष पुन्हा कथेतच अडकतं.

इथे हमखास वाद होतो: मूळ जपानी आवाजात बघायचं की डब केलेलं? चाहते डबिंगचं नाव काढलं तरी चिडतात. माझं मत वेगळं आहे. सबटायटल्स वाचताना डोळे पडद्याच्या तळाशी चिकटतात आणि वर काय चाललंय ते निसटतं. पहिल्यांदा डबमध्ये बघितलंत तर काही पाप लागत नाही. शिवाय जपानमध्ये बहुतेक वेळा चित्रं आधी होतात आणि आवाज नंतर चढवतात, तोंडाची हालचालही मोजक्या चित्रांत भागवलेली असते. डिस्नेची पद्धत उलटी, आवाज आधी आणि त्याबरहुकूम ओठ. त्यामुळे ओठ जुळत नाहीत ही तक्रार जपानी चित्रपटांच्या बाबतीत फारशी टिकत नाही. दुसऱ्या वेळी मूळ आवाज लावा आणि सबटायटल्स बंद करा. गोष्ट तर आता माहीतच आहे.

३. 'टॉम अँड जेरी' घेऊन चित्रं मोजा

थेट मोठ्या चित्रपटात उडी मारण्याआधी हा सराव करा. १९४० आणि ५०च्या दशकातला, थिएटरसाठी बनलेला एखादा 'टॉम अँड जेरी' निवडा. याच काळात या मालिकेला ७ ऑस्कर मिळाली, आणि त्याचं कारण थांबवून बघितलं की कळतं.

यूट्यूबवर व्हिडिओ पॉज करून कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं बटण दाबलं की एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामानं एक मागे येते. व्हीएलसीमध्ये 'ई' दाबत राहा. ओटीटीवर ही सोय सहसा नसते.

आता टॉम पळतोय असा तुकडा घ्या आणि एकेक फ्रेम पुढे जा. जिथे प्रत्येक दाबाला चित्र बदलतं, तिथे अ‍ॅनिमेटरनं सेकंदाला २४ चित्रं काढली आहेत. या धंद्यात त्याला 'ऑन वन्स' म्हणतात. जिथे दोन दाबांनंतर बदलतं तिथे १२, म्हणजे 'ऑन टूज'. जपानी टीव्ही मालिकांमध्ये 'ऑन थ्रीज' सर्रास चालतं, म्हणजे सेकंदाला ८. 'वन्स' चांगलं आणि 'थ्रीज' वाईट असं मात्र समजू नका. शांत हालचाल टूजवर सुरेख दिसते, आणि पळापळ वन्सवर नसेल तर बऱ्याचदा ठेचकाळते.

मोजताना एक लक्षात ठेवा. व्हिडिओ ३० फ्रेमच्या वेगानं चढवलेला असेल तर काही फ्रेम उगाच दोनदा येतात आणि मोजणी चुकते. २४ च्या वेगाची प्रत मिळाली तर उत्तम, नाहीतर अंदाज बांधा आणि पुढे चला.

टॉम गर्रकन वळतो तिथे थांबा. मधल्या एखाद्या फ्रेममध्ये त्याचा चेहरा रबरासारखा ताणलेला सापडेल, किंवा एका हाताचे तीन हात झालेले असतील. याला 'स्मिअर' म्हणतात. पडद्यावर ते चित्र सेकंदाच्या चोविसाव्या हिश्शाएवढंच राहतं. वेगानं बघताना डोळ्याला फक्त झपाटा जाणवतो. पहिल्यांदा सापडतं तेव्हा हसू येतं, आणि मग माणूस तासभर तेच शोधत बसतो.

४. हात कुठे आखडला ते ओळखा

'टॉम अँड जेरी' करणारे विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांचा हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओमधला कार्टून विभाग १९५७ मध्ये बंद झाला आणि दोघं टीव्हीकडे वळले. टीव्हीचे पैसे तुटपुंजे आणि भाग दर आठवड्याला हवा. तीच माणसं, तीच बोटं, पण चित्रं एकदम कमी. त्यांच्या टीव्हीवरच्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का असतो, याचा कधी विचार केलाय? टोपी सोडली तर अस्वल बाकी उघडंच असतं. कॉलरपाशी डोकं आणि धड वेगळं करता येतं. धडाचं चित्र तसंच ठेवायचं, फक्त वर डोकं हलवायचं, आणि सांधा कॉलरमध्ये झाकला जातो. त्यांच्याच 'फ्लिंटस्टोन्स' (१९६०) मध्ये पळताना मागून तीच खिडकी, तेच झाड पुन्हा पुन्हा जातं तेही याच काटकसरीपोटी.

लहानपणी आपण आणखी एक गोष्ट पकडायचो: डोंगरातला कुठला दगड पडणार हे आधीच कळायचं, कारण तो बाकीच्यांपेक्षा फिकट आणि सपाट असायचा. न हलणारं सगळं पार्श्वचित्रात रंगवलेलं असतं. हलणारा दगड मात्र 'सेल' नावाच्या पारदर्शक सेल्युलॉइडच्या पातळ तावावर, वेगळ्या रंगानं, वेगळ्या हातानं काढलेला असतो. ही सेलची युक्ती १९१४ च्या सुमाराची. त्याआधी अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांना 'गर्टी द डायनासोर'साठी मागचं दृश्यसुद्धा प्रत्येक चित्रात नव्यानं काढून घ्यावं लागलं होतं.

आता जरा अवघड भाग. पडद्यावर काही हलत नसेल तर पैसे वाचवलेत, की मुद्दाम थांबलेत? 'स्पिरिटेड अवे' (२००१) मधला आगगाडीचा प्रवास घ्या. रूळ पाण्याखाली, डब्यात सावल्यांसारखे उतारू, गोष्टीतली छोटी नायिका चिहिरो सीटवर गुडघे जुळवून बसलेली, शेजारी नो-फेस नावाचं मुखवटेवालं भूत. बराच वेळ ती हलतच नाही. पण खिडकीबाहेर पाणी आणि आकाश सरकत राहतं, उजेड बदलतो. तिच्या चेहऱ्याकडे बघा: आधीच्या तासाभरात जी मुलगी एक क्षण स्वस्थ नव्हती, ती इथे शांत बसली आहे. याला काटकसर म्हणता येणार नाही. माझी कसोटी सोपी आहे. हलायला हवं ते हललं नाही तर पैसे वाचवले. हलायची गरज नव्हती आणि तरी आपण नजर काढली नाही, तर ते दिग्दर्शन.

उलट बाजूही बघा. त्याच चित्रपटात बॉयलरच्या खोलीत काजळीचे जिवंत ठिपके चिहिरोचे बूट आणून देतात. ती बूट घालते आणि पायाचा चवडा जमिनीवर ठोकते, बूट नीट बसावा म्हणून. आपण सगळे शाळेत जाताना करायचो तसंच. कथेला याची काडीइतकी गरज नाही. पण कुणीतरी बसून त्या ठोकण्याची चित्रं काढली, दुसऱ्यानं ती साफ केली, तिसऱ्यानं रंगवली. असे अनावश्यक वाटणारे खर्च शोधा. दिग्दर्शकाचा जीव कशात आहे ते तिथे कळतं.

५. दोन-तीन मिनिटांचा एकच प्रसंग घेऊन बसा

सबंध चित्रपट खणायला जाऊ नका. कंटाळाल. माझ्या मते सुरुवातीला 'टोटोरो'मधल्या बसस्टॉपसारखा प्रसंग नाही. नेटफ्लिक्सवर मिळेल. आवाज बंद करून बघा, कारण संगीत फार लबाड असतं, ते आपल्याला काय वाटायला हवं ते आधीच सांगून टाकतं.

मोठी सात्सुकी आणि धाकटी मेई या बहिणी छत्री घेऊन बाबांची वाट बघतायत. बस येते, बाबा त्यात नसतात. अंधार पडतो. मेई पेंगायला लागते, तेव्हा सात्सुकी तिला पाठीवर घेते आणि छत्री मान-खांद्यात अडकवते. इथे थांबा. तिचा तोल बघा. पाठीवर ओझं आलं की कंबर किंचित वाकते, आणि मेईचे पाय ढिले लोंबकळतात. झोपलेलं मूल जागं असलेल्या मुलापेक्षा जड लागतं, हे ज्यानं कधी मूल उचललंय त्याला माहीत असतं, आणि हे चित्र काढणाऱ्यालाही माहीत होतं. अ‍ॅनिमेशनमध्ये वजन आपोआप येत नाही. कागदाला वजन नसतं. ते दरवेळी खोटं खोटं तयार करावं लागतं.

मग छत्रीच्या कडेखालून फक्त पाय दिसतात, नखांचे, केसाळ. सात्सुकी हळूच छत्री वर करते. समोर जंगलातला अवाढव्य प्राणी टोटोरो, त्याच्या डोक्यावर एक पान. ती त्याला बाबांची छत्री देते, आणि झाडावरून टपकलेले थेंब छत्रीवर पडतात. त्याचे डोळे मोठे होतात, अंगावरचे केस उभे राहतात. त्याला तो आवाज आवडलाय. मग तो उडी मारतो, जमीन हादरते आणि झाडांवरचं सगळं पाणी एकदम कोसळतं. उडीच्या आधीचा थांबा मोजा, आणि उडी मारताना अंग आधी दबतं ते बघा. 'अँटिसिपेशन' आणि 'स्क्वॉश अँड स्ट्रेच' हे शब्द कुठे वाचनात आले तर ते यालाच म्हणतात. डिस्नेचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये आपल्या पुस्तकात अशी १२ तत्त्वं मांडली आहेत. यादी पाठ करायची गरज नाही, ही दोन दिसायला लागली तरी पुष्कळ झालं.

६. रेघ आणि मागचं चित्र

आता हालचाल विसरा, कुठेही पॉज करा आणि रेघेकडे बघा.

डिस्नेच्या 'स्नो व्हाइट' (१९३७) मध्ये रेघ शाईची, नितळ, कारण अ‍ॅनिमेटरच्या पेन्सिलीवरून दुसरं कुणीतरी सेलवर शाईनं गिरवायचं. हे काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. '१०१ डाल्मेशियन्स' (१९६१) मध्ये हीच रेघ एकदम खरबरीत झालेली दिसेल. गिरवण्याचा खर्च वाचवायला पेन्सिलीचं चित्र झेरॉक्सच्या तंत्रानं थेट सेलवर उतरवलं गेलं. काहींना ते अपुरं वाटलं, मला तर तिथे माणसाचा हात जास्त जवळून दिसतो.

आयर्लंडच्या कार्टून सलून या स्टुडिओचा 'वुल्फवॉकर्स' (२०२०) यासाठी उत्तम. त्यात गावातली माणसं आणि घरं जाड, टोकदार, लाकडी ठशांसारख्या रेघांची आहेत. जंगलात शिरलात की रेघ मोकळी होते, खालची कच्ची पेन्सिलही पुसलेली नाही. कुणीही न बोलता कळतं की कोण कोंडलेलं आहे आणि कोण मोकळं.

पार्श्वचित्रांसाठी पुन्हा 'टोटोरो'च. काझुओ ओगा यांनी पोस्टर कलरमध्ये रंगवून घेतलेली टोक्योजवळच्या खेड्यातली झाडी, शेवाळ, मातीचा रस्ता. पात्र पडद्यावरून गेल्यावर जो सेकंद-दोन सेकंद रिकामं दृश्य राहतं, ते बघायची सवय लावा.

एक गैरसमज इथेच काढून टाकू: संगणक लागला म्हणजे हाताचं काम संपलं, असं नसतं. 'टोटोरो' आणि 'स्पिरिटेड अवे' बनवणाऱ्या जिब्ली स्टुडिओनं 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) नंतर सेल रंगवणं सोडलं. म्हणजे 'स्पिरिटेड अवे'चे रंग संगणकात भरलेत, चित्रं मात्र कागदावर पेन्सिलीनंच काढलेली आहेत. आणि मार्च २०२५ मध्ये सगळ्यांनी घरचे फोटो एआयकडून 'जिब्ली' करून घेतले, त्यावरून शैलीचा अंदाज बांधू नका. बूट ठोकण्यात जे आहे ते स्थिर फोटोत येऊच शकत नाही.

७. स्टिकी नोट्सवर एक चेंडू उडवा

चित्र येत नाही ही सबब चालणार नाही, वर्तुळ सगळ्यांना येतं. गठ्ठ्याच्या तळाच्या कागदापासून सुरुवात करा आणि एकेका कागदावर चेंडू काढत वर या. १२ कागद पुरतात. पहिल्यांदा सगळी अंतरं सारखी ठेवा आणि फडफडवून बघा. चेंडू लिफ्टमधून उतरल्यासारखा येईल. आता दुसऱ्या गठ्ठ्यावर वरच्या टोकाला चित्रं जवळजवळ काढा आणि जमिनीकडे येताना लांब लांब. टेकण्याच्या चित्रात चेंडू थोडा चपटा करा. आता तो पडेल.

हे केल्यावर चित्रपट बघताना डोळे आपोआप अंतरांकडे जातात. पुस्तकं वाचून ते होत नाही.

८. कुठल्या क्रमानं बघायचं

'टॉम अँड जेरी'नंतर 'टोटोरो', मग 'स्पिरिटेड अवे', मग 'वुल्फवॉकर्स'. मध्ये आपल्याकडचं काम घाला, कारण ते आपण बघितलेलं असतं आणि तरी बघितलेलं नसतं. दूरदर्शनवर वाढलेल्यांना विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' (१९७४) पाठ असेल. भीमसेन यांची त्यातली चित्रं आता पुन्हा बघा. किती कमी हालचालीत किती भागवलंय! मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेतून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली तयार झालेले राम मोहन पुढे जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्या 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम'चे सहदिग्दर्शक झाले. हा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे थिएटरात पुन्हा आला होता. त्यात कपड्यांच्या चुण्या आणि हातवारे भारतीय आहेत का, हे शोधत बघा.

जे. जे. मधून शिकलेल्या गीतांजली राव यांची 'प्रिंटेड रेनबो' (२००६) जरूर मिळवा. पंधरा मिनिटांची आहे. एकटी म्हातारी, तिची मांजर आणि काड्यापेट्यांवरची रंगीत चित्रं. तिचं घर करड्या रंगात, काड्यापेटीतलं जग झगझगीत. (दादासाहेब फाळक्यांनीही १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' म्हणून काड्या नाचवल्या होत्या. ती चित्रं नव्हेत, खऱ्या काड्या, पण फ्रेममागे फ्रेम हीच मेहनत.) नंतर गीतांजली राव यांचाच 'बॉम्बे रोझ' बघा.

'लव्हिंग व्हिन्सेंट' (२०१७) कुठे ठेवायचा यावर माझं अजून ठरत नाही. सुमारे ६५,००० फ्रेम तैलरंगात रंगवल्या, हे ऐकून छाती दडपते. पण आधी नट घेऊन चित्रीकरण केलं आणि त्यावरून रंगवलं, त्यामुळे हालचाल नटांची आहे, रंग तेवढे चित्रकारांचे. बघा आणि तुम्हीच ठरवा.

जिब्लीचेच दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांचा 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' (२०१३) मुद्दाम शेवटी ठेवा. त्यात चित्राच्या कडा पांढऱ्या सोडल्या आहेत, रंग जलरंगासारखे विरळ आहेत. सुरुवातीलाच बघितलात तर काम अर्धवट राहिल्यासारखं वाटेल. मेजवानीच्या रात्री कागुया पळत सुटते तो प्रसंग आला की 'ई'वर बोट ठेवून तयार राहा. अंगावरची वस्त्रं एकेक करून मागे पडत जातात आणि रेघ कोळशाच्या फराट्यांसारखी फाटत जाते. काही फ्रेममध्ये तर मुलगी कुठे आणि रस्ता कुठे तेही सांगता येत नाही. आवाज बंद न करता एकदा सलग बघा, मग थांबवत थांबवत.